एक बरणी वाढली की पाटी दुप्पट

घाटकोपर पूर्वेची वल्लभबाग लेन संध्याकाळनंतर चालायची राहत नाही, खायची होते. दोन्ही बाजूंना गाड्या, मधल्या अरुंद पट्टीतून वाट काढणाऱ्या स्कूटर आणि तव्यावर पळ्या आपटल्याचा आवाज. डोशाच्या गाडीवर काळाकुळकुळीत तवा असतो. त्याच्या कडेला डबे मांडलेले: चिरलेला कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, कोबी, बटाट्याची भाजी, लाल चटणी, शेजवान सॉस, किसलेलं चीज. वर पाटी. सादा, मसाला, मैसूर, मैसूर मसाला इथून सुरुवात करून ती जिनी, पावभाजी डोसा, चीज बर्स्ट, चॉकलेट डोसा इथपर्यंत उतरत जाते. मुंबईत ठिकठिकाणी अशा गाड्यांवर ‘डोशाचे ९९ प्रकार’ असंही ठळक अक्षरात लिहिलेलं दिसतं. एखादी मुलगी पाटीकडे न बघताच सांगते, “अण्णा, एक जिनी, कांदा नको, चीज जास्ती.” तेवढ्यात पाटीवर नसलेला आणखी एक प्रकार तयार झालेला असतो.

गाडीवर नव्याण्णव वस्तू नसतात. डबे मोजले तर दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील. मग इतके प्रकार येतात कुठून? मोजक्या वस्तूंपासून किती खाणी होऊ शकतात, हा प्रश्न खाऊगल्लीपेक्षा कितीतरी जुना आहे. तो आधी वैद्यांना पडला, मग गणितज्ञांना, आणि त्याचं सर्वांत देखणं उत्तर लिहिणाऱ्या माणसाच्या घराण्याचा मठ महाराष्ट्रात, चाळीसगावजवळ होता.

वैद्यांपासून सुरुवात करू. आयुर्वेदात रस सहा: मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय. औषध किंवा अन्न यांत कधी एकच रस असतो, कधी दोन मिसळलेले, कधी तीन. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात रसांच्या या मिश्रणांना वाहिलेला एक आख्खा अध्याय आहे. एकेकटे रस ६, दोन-दोनांच्या जोड्या १५, तीन-तीन २०, चार-चार १५, पाच-पाच ६ आणि सहाही एकत्र १. एकूण ६३. गंमत म्हणजे तो अध्यायही उत्तरतंत्रातला त्रेसष्टावाच आहे. सुश्रुत प्रत्येक जोडी नावानिशी सांगतो. तिथे सूत्र नाही; यादी आहे, आणि यादी पुरी झाल्याची खात्री आहे.

चरकसंहितेतही हीच ६३ संख्या येते. पण चरक तिथे थांबत नाही. मुख्य रसामागे हलकेच जाणवणारा रस, ज्याला अनुरस म्हणतात, तोही धरला तर प्रकार मोजता येणार नाहीत इतके होतात, असं तो सांगतो. भेळवाल्यासमोर उभं राहून “तिखट जरा कमी, गोड थोडी जास्त, पण फार नको” म्हणणाऱ्याला चरकाचं म्हणणं लगेच पटावं.

वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त हाच हिशेब अत्तरांसाठी केला. सोळा सुगंधी द्रव्यांतून कोणतीही चार घ्यायची, तर किती प्रकार? १,८२०. शिवाय ती चार द्रव्यं एक, दोन, तीन, चार भाग अशा वेगवेगळ्या प्रमाणांत घेतली, तर प्रत्येक चौकडीचे पुन्हा २४ प्रकार. वस्तू कोणत्या घेतल्या एवढंच नव्हे, किती घेतल्या हेही मोजायला हवं, हे त्याने ओळखलं होतं. भेळेतल्या चटण्यांना हेच लागू पडतं.

या सगळ्या परंपरेत जैन गणितज्ञांचं स्थान फार मोठं आहे, आणि घाटकोपरच्या संदर्भात ते मुद्दाम सांगायला हवं. वस्तू एकेक, दोन-दोन, तीन-तीन घेऊन होणारे विकल्प मोजण्याची रीत भगवतीसूत्रासारख्या जुन्या जैन आगमांत आढळते. पुढे नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. कितीही वस्तूंतून कितीही निवडायच्या असल्या तरी चालेल असा सर्वसाधारण नियम त्यात आहे, आणि उदाहरणात पुन्हा रसच आले आहेत. आज ज्या उपनगरात जैन खवय्यांसाठी वेगळा तवा तापतो, तिथल्या डोशाच्या पाटीमागचं गणित एका जैन पंडिताने अकराशे वर्षांपूर्वी सूत्रात बांधलं होतं. हा निव्वळ योगायोग आहे. पण चांगला आहे.

आता भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचा पहिला भाग. त्यात एका श्लोकात दोन उदाहरणं एकाशेजारी एक ठेवली आहेत. पहिलं राजवाड्याचं: आठ झरोके असलेल्या महालात एक, दोन, तीन असे झरोके उघडे ठेवायचे, तर वाऱ्याच्या वाटा किती? उत्तर २५५. दुसरं स्वयंपाकघरातलं: सहा रसांचं व्यंजन करायचं, तर प्रकार किती? उत्तर ६३.

रीत इतकी सोपी की पाचवीच्या मुलालाही जमावी. वर ६, ५, ४, ३, २, १ असे उतरते आकडे लिहायचे, खाली १, २, ३, ४, ५, ६ असे चढते. ६ भागिले १ म्हणजे ६. त्याला ५ने गुणून २ने भागलं की १५. त्याला ४ने गुणून ३ने भागलं की २०. पुढे १५, ६, १. सुश्रुताने जी यादी बोटं मोडत केली होती, ती भास्कराचार्यांच्या रीतीने दोन ओळींत उतरते. युरोपात ब्लेझ पास्कालने आपल्या त्रिकोणावर ग्रंथ लिहिला तो सतराव्या शतकात, म्हणजे यानंतर पाचशे वर्षांनी.

त्याच भागात भास्कराचार्य छंदांचंही उदाहरण देतात. गायत्रीच्या एका चरणात सहा अक्षरं. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू. प्रकार किती? इथे उत्तर ६४ येतं. रसांचे ६३ आणि अक्षरांचे ६४, दोन्हीकडे सहाच वस्तू असताना. फरक फक्त एकाचा, आणि तो एक फार महत्त्वाचा. छंदात एकही गुरू नसलेला, सगळी लघू अक्षरं असलेला चरण हाही चरणच आहे, म्हणून तो मोजायचा. अन्नात एकही रस नसेल तर ते अन्नच नव्हे, म्हणून ती शक्यता सोडून द्यायची. शून्य कुठे धरायचं आणि कुठे नाही, हे गणिताच्या बाहेर, जगात बघून ठरवावं लागतं.

वडापावच्या गाडीवर हा फरक रोजचा आहे. दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असं मानलं जातं. तिथून तो पदार्थ दोन्ही रेल्वेमार्गांवरून बोरिवली आणि मुलुंडपर्यंत पसरला. त्याच्या चटण्या तीन: हिरवी, चिंचेची गोड आणि लसणीची सुकी. भास्कराचार्यांच्या रसांसारखं मोजलं तर प्रकार ७. पण लहान पोराचा हात धरून आलेली आई “काहीच लावू नका” म्हणते, आणि तो वडापावही विकला जातोच. म्हणून इथे उत्तर ८. डोशाचंही तसंच. सादा डोसा म्हणजे भाजी नाही, चीज नाही, काही नाही, पण पाटीवर पहिलं नाव त्याचंच. गाडीवाल्याने न शिकताच गायत्रीचा हिशेब धरलेला असतो.

भास्कराचार्यांचं जन्मगाव नेमकं कोणतं यावर विद्वानांत वाद आहेत. पण चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखाबद्दल वाद नाही. पाटणादेवीच्या परिसरात सापडलेल्या या लेखातून कळतं की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, आणि त्याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून तिथे मठ स्थापन केला. मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं. शके ११२८चा हा लेख बहुतांश संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा तपशील येतो तिथे भाषा मराठी होते. तो तपशील बाजाराचा आहे: पाटणच्या पेठेत विकायला येणाऱ्या मालावरचं उत्पन्न आणि घाण्यामागे पळीपळीने तेल. व्यंजनांचे ६३ प्रकार शिकवणारा ग्रंथ ज्या मठात शिकवला जायचा, त्या मठाचा दिवा गावच्या तेलावर जळत असणार.

हा लेख उजेडात आणणारा माणूस मुंबईचा. डॉ. भाऊ दाजी लाड. धंद्याने डॉक्टर, आवडीने प्राच्यविद्येचे अभ्यासक. जुन्या भारतीय ज्योतिर्विदांचा काळ ठरवणारा त्यांचा निबंध १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला, आणि त्यात पाटणच्या या लेखाचा आधार आहे. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे, तिथे उपनगरांतल्या शाळांच्या सहली दरवर्षी जातात. मुलं जुन्या मुंबईच्या प्रतिकृती बघतात, डबा खातात आणि परततात. पाटणच्या शिलालेखाची गोष्ट त्यांना कोणी सांगत असेल असं वाटत नाही.

रस सहा होते आणि सहाच राहिले. वस्तू मात्र वाढत गेल्या, आणि इथूनच उपनगरांचा खरा इतिहास सुरू होतो.

भास्कराचार्यांच्या ताटात मिरची नव्हती. तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, सिमला मिरचीही नव्हती. या सगळ्या वस्तू अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांमागोमाग इकडे आल्या. आजचा मुंबई उपनगर जिल्हा म्हणजे बहुतांशी जुनी साष्टी, आणि साष्टी १७३०च्या दशकापर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. ती चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली. राज्य गेलं, पाव राहिला.

त्या काळाची सर्वांत चविष्ट खूण म्हणजे ईस्ट इंडियन लोकांचा बॉटल मसाला. अंधेरीजवळचं मरोळ आणि आंबोली, कुर्ला, बोरिवलीपलीकडची गोराई अशा गावठाणांत राहणारे हे साष्टीचे मूळ ख्रिस्ती. घरात बोली मराठीची, आडनावं पोर्तुगीज. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली त्या सुमारास घेतलं. उन्हाळ्यात या घरांतून मसाला कुटला जातो: मिरच्या, धणे, हळद, जिरं, मोहरी, तीळ, खसखस, मिरी, लवंग, दालचिनी, जायपत्री, नागकेशर, दगडफूल, शिवाय गहू आणि चणेसुद्धा. वस्तू सहज वीसच्या वर जातात. उन्हात वाळवून, भाजून, कुटून तो काळसर बाटल्यांत दाबून भरतात; बिअरच्या रिकाम्या बाटल्या त्यासाठी जपून ठेवलेल्या असतात, कारण गडद काचेतून ऊन आत शिरत नाही.

आता हिशेब बघा. वीस वस्तूंपैकी प्रत्येक घ्यायची की नाही एवढंच ठरवायचं असलं, तरी शक्यता होतात १०,४८,५७५. प्रमाणं अजून मोजलेलीच नाहीत. त्यातली एक शक्यता एका घराची. शेजारच्या घरात दगडफूल जरा कमी, पलीकडे नागकेशरच नाही. आजीने सुनेला मूठ आणि ओंजळ दाखवून दिलेलं ते प्रमाण कागदावर क्वचितच उतरतं. दहा लाखांतली एकच वाट पिढ्यान्‌पिढ्या चालायची आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. मराठी घरातल्या गोड्या मसाल्याची गोष्टही वेगळी नाही.

घराबाहेरच्या खाण्यात मात्र बराच काळ निवडीला जागाच नव्हती. गिरणगावातल्या खाणावळीत महिन्याचे पैसे भरणाऱ्या कामगाराला जे शिजलं असेल ते. खाणावळ चालवणाऱ्या बायांना संघटित करायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, तेव्हाही ताटाचा साचा तोच होता. अंधेरीहून किंवा मुलुंडहून फोर्टकडे निघालेल्या डब्यातही तसंच. महादू हवाजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास मुंबईत डबेवाल्यांची सेवा सुरू केली. पण डब्यात काय जायचं हे घरच्या बाईने ठरवायचं. साहेबाने दुपारी फक्त झाकण उघडायचं.

उपनगरं भरत गेली तशी ही घडी मोडली. ५ जानेवारी १९२८ रोजी बोरिवलीपर्यंत विजेची लोकल धावू लागली. एप्रिल १९५०मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, आणि १९५७मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीच्या चाळींतून मराठी, गुजराती, कच्छी कुटुंबं घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला आली. दक्षिण कन्नड जिल्ह्यातून आलेल्यांची उडुपी हॉटेलं माटुंग्यात स्थिरावली होतीच, ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. तिथून ती रेल्वेच्या रुळांशेजारून उत्तरेकडे सरकली. त्यांची राइस प्लेट ठरलेली, पण नाश्त्याच्या पाटीवर निवड होती: इडली, वडा, डोसा, उत्तप्पा, आणि हे सगळं सांबारात बुडवून किंवा वेगळं. मुंबईत नाश्त्याला पर्याय सांगण्याची सवय लावली ती मुख्यतः या पाट्यांनी.

पण खरा स्फोट गाडीवर झाला, आणि त्याचं कारण साधं आहे. गाडीवर एक नवी बरणी ठेवली की पूर्वीच्या सगळ्या प्रकारांना एक जुळा भाऊ मिळतो, ती वस्तू घातलेला. म्हणजे प्रकार दुप्पट, वर नुसत्या त्या वस्तूचा एक. सहा वस्तूंचे ६३. सातवी आली की १२७. दहा झाल्या की १,०२३. गेल्या पन्नास वर्षांत उपनगरांच्या रस्त्यांवर अशा दुपटी एकामागून एक झाल्या. नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांचुरियन केलं आणि देशी चायनीजची लाट आली. त्या लाटेतला शेजवान सॉस आधी नूडल्समध्ये गेला, मग डोशावर पसरला, मग वडापावातही शिरला. चीज आलं, मेयोनीज आलं, पनीर आलं. प्रत्येक वेळी पाटी अर्ध्या फुटाने लांबली. तवा तोच, पीठ तेच, माणूसही बहुधा तोच.

सँडविचवाल्याचं बघा. अंधेरी स्टेशनबाहेर किंवा कुठल्याही कॉलेजच्या फाटकाशी तो उभा असतो. बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट, सिमला मिरची. पुन्हा सहाच! त्यांचे ६३. साधं, टोस्ट की ग्रिल, म्हणून तिप्पट: १८९. चीज हवं की नको, म्हणून दुप्पट: ३७८. त्याच्या पाटीवर मात्र मोजून पंधरा-वीस नावं. थर कोणत्या क्रमाने लावायचे हेही मोजायचं म्हटलं तर सहा भाज्यांचे ७२० क्रम होतात. क्रमांचं गणित भास्कराचार्यांनी लीलावतीच्या शेवटी ‘अंकपाश’ प्रकरणात केलं आहे. तिथे शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांच्या अदलाबदलीचे ३६,२८,८०० प्रकार येतात. सँडविचवाला या भानगडीत पडत नाही. तो कायम एकाच क्रमाने थर लावतो, कारण हात तसा बसलेला आहे आणि काकडी बिटाच्या वर की खाली हे दातांना कळत नाही.

पाटीवरचे पंधरा-वीस आणि गणिताचे ३७८ यांच्यामधल्या अंतरात खरा धंदा असतो. नुसत्या बिटाचं सँडविच शक्य आहे, पण कोण मागणार? कांदा आणि चीज चालतं; कांदा आणि चॉकलेट नाही. बर्फीमध्ये सांबार घालण्याची शक्यताही गणिताला मान्य आहे. गणित किती होऊ शकतात ते सांगतं. खाण्यासारखे किती, हे तव्यासमोरच्या माणसाने वर्षानुवर्षं चाखून, फेकून, शिव्या खाऊन ठरवलेलं असतं. खाऊगल्लीचा इतिहास लिहायचा झाला तर तो या नाकारलेल्या मिश्रणांचा लिहावा लागेल, आणि तो कुणीच नोंदवून ठेवलेला नाही. न खपलेला डोसा दुसऱ्या दिवशी पाटीवरून पुसला जातो.

पाटीवर नाव असण्याचं आणखी एक कारण म्हणजे दर. गिऱ्हाईक तोंडी काहीही जोड सांगू शकतं. पण नाव छापलं की भाव छापता येतो. चीज मैसूर मसाला हे नाव तीन वस्तूंची बेरीज आहे. ‘जिनी’ म्हटलं की कोबी, सिमला मिरची, शेजवान आणि चीज घालून, गुंडाळून, कापून उभे तुकडे मांडलेला डोसा. नाव वेगळं पडलं की तो वेगळा पदार्थ होतो आणि त्याचे पैसे जास्त लागतात. हॉटेलवाले हे गणित गाडीवाल्यांच्याही आधीपासून जाणून आहेत. जाड मेनूकार्डाची पानंच्या पानं अशा बेरजांची असतात.

दुपटीचं उलटं म्हणजे निमपट. जैन गिऱ्हाईक बटाटा, कांदा, लसूण खात नाही. तीन वस्तू वगळल्या की प्रकार तीनदा अर्धे होतात, म्हणजे एक-अष्टमांश उरतात. हिशेबाने घाटकोपर आणि मुलुंडच्या पाट्या निम्म्याहूनही लहान असायला हव्या होत्या. झालं उलटंच. बटाट्याच्या जागी कच्चं केळं आलं आणि जैन पावभाजी झाली. कांद्याच्या जागी कोबी आला. वगळलेल्या प्रत्येक वस्तूला बदली सापडली की संख्या पुन्हा होती तिथेच येते, वर ‘जैन’ हा शब्द जोडल्याने आख्खी पाटी एकदा नव्याने लिहिता येते. मराठी घरांत हे वर्षातून एकदा घडतं. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, होईल तेवढं करून घ्यायचं. मग चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. चार महिने ताटातल्या शक्यता एक-अष्टमांश, आणि तरी त्या चार महिन्यांतल्या सणांच्या पदार्थांचीच यादी सर्वांत लांब.

८ जून २०१४ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पश्चिम व पूर्व उपनगरांमधला बसचा तास-दीड तासाचा वळसा संपला. अंधेरीचं कार्यालय सुटल्यावर घाटकोपरला डोसा खायला जाणं त्यानंतर सोपं झालं. खाऊगल्लीत एक भाषा नाही: ऑर्डर हिंदीत, कौतुक गुजरातीत, घासाघीस मराठीत. तव्यामागचा माणूस दक्षिणेचा असो वा उत्तरेचा, त्याला ‘अण्णा’च म्हणायचं.

पाट्या अशा लांबत असताना सरकारने दोनदा अगदी उलट टोकाचा प्रयोग केला. १९९५मध्ये एक रुपयात झुणका-भाकर, आणि २६ जानेवारी २०२०पासून १० रुपयांत शिवभोजन थाळी: दोन चपात्या, एक भाजी, भात, वरण. संयोगांची संख्या १. झुणका-भाकर केंद्रांपैकी अनेकांचं पुढे काय झालं, हे रस्त्यांवरून जाणाऱ्या मुंबईकरांनी पाहिलं: स्टॉलवर झुणका-भाकर नावापुरती उरली आणि तव्यावर इतर पदार्थ तळले जाऊ लागले. एकाच प्रकारावर दुकान चालवणं मुंबईत फार थोड्यांना जमतं.

अकरावीला गेल्यावर उपनगरांतल्या मुलामुलींना ‘पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन’ नावाचं प्रकरण भेटतं. पिशवीतले लाल-निळे चेंडू, पत्त्यांचा कॅट, गोल टेबलाभोवती बसलेले पाहुणे अशा उदाहरणांतून ते शिकवलं जातं, आणि बरीच मुलं तिथे गणिताला कंटाळतात. ज्या भूमीत साडेआठशे वर्षांपूर्वी हेच गणित व्यंजनाच्या चवीतून शिकवलं गेलं, तिथे चेंडूंची गरज का पडावी? घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरीच्या गणिताच्या शिक्षकांनी वर्गाला एक संध्याकाळ गल्लीत घेऊन जावं. डबे मुलांना मोजू द्यावेत, पाटी वहीत उतरवून घ्यायला लावावी, आणि पाटीवर नसलेली पण खाण्यासारखी निदान पाच मिश्रणं प्रत्येकाने शोधून आणावीत. बिल वर्गणी काढून भरावं.